सीलबंद संगणकातला मेल

पोलीस खात्यातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. लातूरच्या एका खासगी दवाखान्याचं हे प्रकरण मात्र पुसलं जात नाही.

निनावी फोन आला, "दवाखान्यातली एक बाई रोज बाहेर गुपचूप मेल पाठवते. पेशंटची माहिती विकते." पाठोपाठ नव्या व्यवस्थापकाची लेखी तक्रार आली. मंगळवारी सकाळी पंचनामा करून मी तिचा संगणक आणि मोबाईल जप्त केला, सील लावून मुद्देमाल कक्षात ठेवला.

बाई शिरूर अनंतपाळची, तिशीतली. महिला हवालदारासमोर जबाब घेतला.

"चोरी न्हाई हो साहेब. बाळांच्या औषधाचा डोस काढायचा प्रोग्रॅम आम्ही दोघं सांभाळतो. माझ्या कामातल्या जोडीदाराला अपघात झाला, तो इस्लापूरला घरून काम करतो. दवाखान्याच्या फायरवॉलनं सगळं अडवलंय, फक्त मेल चालतो. म्हणून प्रोग्रॅमच्या बदललेल्या ओळी मेलनं धाडतो. त्याच्या मी इथं बसवते, माझ्या तो तपासतो."

"परवानगी?"

"जुन्या साहेबांनी तोंडी दिली होती."

तोंडी परवानगी मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "साहेब, तुमच्यासमोर एकदा मेल उघडू द्या. सोमवारी मी नवा बदल टाकलाय, त्यानं तो तपासला असंल." पुरावा नष्ट करायचा डाव, असं मी समजलो. नाही म्हणालो.

गुरुवारी जीप काढून इस्लापूर गाठलं. चाकाच्या खुर्चीतला माणूस मला बघताच ओरडला, "साहेब, दोन दिवस फोन लावून राहिलो! तिचा बंद, दवाखान्यात माझं नाव ऐकलं की ठेवून देतात. सोमवारच्या बदलात चूक हाय. दोन किलोच्या आतल्या बाळाला डोस जास्त निघून राहिला. दुरुस्ती मंगळवारीच मेल केली!"

ती दुरुस्ती माझ्या सीलखाली पडून होती.

तिथूनच मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. "प्रोग्रॅम थांबवा. डोस हातानं काढा." दुरुस्ती पेनड्राइव्हवर घेऊन परतलो. एका बाळाला दोन दिवस जादा औषध गेलं होतं. ते वाचलं, पण हे औषध जादा झालं तर ऐकू येणं कमी होऊ शकतं, म्हणून कान पुढे तपासत राहावे लागतील असं डॉक्टर म्हणाले.

पेशंटचं एक नावही त्या मेलमध्ये नव्हतं. बाई निर्दोष सुटली. मी माफी मागितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चूक माझीच होती साहेब. फक्त ते दोन दिवस ती सुधारायला मिळाली न्हाई."

संशयिताचं खोटं ओळखायला मी शिकलो होतो. खरं बोलणाऱ्याची घाई ओळखायला शिकलो नव्हतो. त्यानंतर कुठलीही वस्तू जप्त करताना मी आधी विचारायचो, हे बंद केलं तर कुणाचं काय अडेल?

बाळाच्या आईनं वॉर्डाबाहेर मला हात जोडले. "साहेब, तुमच्या फोनमुळं लेकरू वाचलं." तिला खरं काय ते सांगायला हवं होतं. माझ्याच्यानं झालं नाही.