चाबीवाल्याच्या मापाची जागा

गाडीची शिट्टी वाजली तेव्हा आम्ही पुलाच्या बरोबर मध्यावर होतो. गाडी समोरून येत होती आणि माझ्या पोरीची सासू रुळांच्या मधोमध मैलाच्या दगडासारखी उभी होती.

"येऊच शकत नाही," आमचे हे म्हणाले. "बारा वाजेलोक इथं गाडीच नाही."

"मंग तिले सांगा तसं," मी म्हटलं. "ऐकते का पाहा."

आमचे हे रेल्वेत चाबीवाले होते. चाबीवाला म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा आणि रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली असली तर ठोकून घट्ट करायची. अकोल्याहून बदली होऊन आम्ही जयपूरकडे आलो ते इकडचेच झालो. हा पूल ह्यांच्या हद्दीत होता. दगडी खांब राजाच्या वेळचे, वर लोखंडी गर्डर. पुढे छोटी लाइन जाऊन मोठी आली, तरी खांब तेच राहिले. रिटायर होऊन ह्यांना बारा वर्षं झाली, आता आम्ही जयपुरात शास्त्री नगरात राहतो.

विहीणबाई नाशिकहून आल्या होत्या. शाळेत हेडमास्तरीण होत्या, आता घरी असतात, पण आवाज अजून शाळेतच आहे. तीन दिवस किल्ले आणि महाल पाहिले आणि चौथ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "राजे बघून बघून मान दुखायला लागली हो. दुसरं काही नाही का तुमच्या गावात?"

ह्यांनी विहिणीसमोर तोवर 'घ्या' आणि 'वाढा' याच्यापुढे शब्द काढला नव्हता. ते एकदम म्हणाले, "माझा पूल पाहता का?"

माझा! जसा काही ह्यांच्या बापानं बांधला.

बसनं तासभर गेलो, पुढे जीपनं. पुलावर चढताना मी विचारलं, "गाडीचं काय?"

"साडेदहाची गेली. आता बारापर्यंत मोकळं. तोंडपाठ आहे मले."

तोंडपाठ होतंच. पण ते बारा वर्षांपूर्वीचं. वेळापत्रक बदललं हे रिटायर माणसाला घरी येऊन कोण सांगतं? माझं चौथीपर्यंतच शिक्षण, पण एवढी अक्कल मला यायला हवी होती. आली नाही. हेडमास्तरणीलाही आली नाही, म्हणून मी फार मनाला लावून घेत नाही.

पुलावर हे नवरदेवासारखे पुढे. दर चार पावलांवर वाकायचे, रुळाची पकड बोटानं चाचपायचे आणि म्हणायचे, "हे काम आहे का? आमच्या वक्ताला साहेबानं उभं जाळलं असतं." विहीणबाई फोटो काढत मागे.

"पण नदीत पाणी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"पाणीच पाहायचं होतं तर गच्चीवरच्या टाकीवर नेलं असतं ना, ईनबाई," मी म्हटलं.

खाली सगळी वाळू. वाळूत कोणी काकडीचे वेल लावले होते. त्या वेलांचा फोटो घ्यायला विहीणबाई थांबल्या आणि तेवढ्यात ती शिट्टी वाजली.

पुलाच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर बाहेर काढलेली एक लोखंडी माची असते. गाडी आली की चाबीवाल्यानं तिथं जाऊन उभं राहायचं. ती आमच्यापासून वीसेक पावलांवर होती. ह्यांना एकदाची खात्री पटली की गाडी गाडीच आहे, तसे ते ओरडले, "माचीवर!" आणि निघाले. विहीणबाई हलेनात.

"चला, ईनबाई."

"मला येत नाही," त्या म्हणाल्या. चालायला येत नाही, असं. साठ वर्षं चालून.

मग मी पोरीच्या सासूला जे कोणी बोलू नये ते बोलले. "अवं पाय उचल ना, बये! इथं मेलीस तर माह्या पोरीले जन्मभर ऐकावं लागन!" आणि पदर धरून अशी ओढली की पिन तुटली. तेवढ्यात हे परत आले आणि त्यांनी दुसरा हात धरला. गाय बाजारात नेतात तसं आम्ही तिला नेलं.

माची एका चाबीवाल्याच्या मापाची. चाबीवाला सुकलेला असतो. आम्ही तिघं, त्यातल्या दोघी बायका खाऊनपिऊन सुखी. विहीणबाईंना आत कोंबलं, त्यांच्यावर मी, आणि माझ्या पाठीला हे. ह्यांची एक टाच माचीच्या बाहेर होती. मी मागे हात नेऊन ह्यांच्या कमरेचा पट्टा मुठीत धरला. गाडी आली. पूल खालून थरथरला, वारा तोंडात शिरला, ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी घाण बोलत गेला. डबे संपता संपेनात. शेवटी गार्डाचा डबा आला, तर ह्यांनी रुमाल काढून हात वर केला. ड्यूटीवर करायचे तसा. गार्डानंही सवयीनं हिरवी झेंडी दाखवली.

"हे कोणत्या ड्यूटीवर आहेत?" विहीणबाईंनी माझ्या काखेतून विचारलं.

मग पूल संपेपर्यंत हे विहिणीच्या पुढे चालले आणि दर दहा पावलांवर मागे वळून कानोसा घेत राहिले. पूल संपला तसे ते खडीवर बसले आणि म्हणाले, "ईनबाई, माही चुकी झाली."

"झालीच," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

पुलावर तिघं चढलो होतो. तिघंही खाली उतरलो.