बर्फाचं सारवण

उमरेडला ज्ञानेश्वरच्या गोतावळ्यात ठाम समजूत आहे, की तो इंग्लंडात ट्रॅक्टर चालवतो. अगदीच खोटं नाही. बायकोच्या, म्हणजे नीनाच्या, सॉफ्टवेअरमधल्या नोकरीमागोमाग तो ब्रॅकनेलला आला आणि आइस रिंकवर बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीवर चिकटला. त्याआधी बर्फाशी त्याचा संबंध गोळ्यापुरता.

यंदा आइस हॉकीच्या फायनलला ब्रॅकनेल बॅजर्स आणि मेडनहेड मॅग्पाइज, जन्माचे वैरी. तीन मॅचेसची सिरीज, एक-एक बरोबरी. तिसरी मॅच रविवारी दुपारी, ज्ञानेश्वरच्या बर्फावर. शेवटच्या ब्रेकमध्ये रेफरीने गोलसमोर बोट दाखवलं. हातभर लांब खड्डा पडला होता.

"दहा मिनिटांत भरा. नाहीतर उरलेला खेळ उद्या मेडनहेडला."

मेडनहेडच्या प्रेक्षकांनी आधीच टाळ्या वाजवल्या. ज्ञानेश्वरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपला बर्फ नापास?

तो गुडघ्यांवर बसला. खड्ड्यात बर्फाचा चुरा दाबला, गार पाणी शिंपडलं, ग्लव्हने पुसलं. कड उठलीच. मग त्याने ग्लव्ह काढला आणि आई अंगण सारवायची तसा तळवा अर्धगोल फिरवत, फेऱ्यावर फेरा चढवत, उलटा सरकत निघाला. उलटंच सरकायचं, नाहीतर आपल्याच सारवणात आपलाच पाय.

"डॅन, आपल्याकडे मशीन आहे," मॅनेजर म्हणाला. 'ज्ञानेश्वर' त्याच्या जिभेला झेपत नसे.

"मशीनला तळवा नाही."

रेफरीने येऊन स्केटची टाच दोनदा आपटली. टवकासुद्धा उडाला नाही. "खेळा."

दोन मिनिटं उरली असताना मेडनहेडच्या एकाने फटका मारला. बॉलच्या जागी असते ती काळी रबरी चकती बरोब्बर त्या सारवणावरून, केसभरही न डगमगता, ब्रॅकनेलच्या गोलात. कप मेडनहेडला गेला.

लेक तनया तोंड पाडून आली. "बाबा, आपला टीम हरला."

"आपली टीम हरली," त्याने आधी व्याकरण सावरलं. "पण चकती कुठे अडखळली का?"

"नाही."

"मग?"

पार्किंगमधूनच, सुजलेल्या लाल हाताने त्याने उमरेडला फोन लावला. "आई, आज बर्फ सारवला. हजारो लोकांसमोर."

"शेण कुठनं आणलंस रे तिकडे?"

"पाण्यानेच सारवला. पोपडा नाही उठला."

आई म्हणाली, "कोणी शिकवलं, ते सांगितलंस ना त्यांना?"