प्रवेशिकेवरचं बारावं नाव

“हे मागच्या वर्षीचं आहे,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या आणि फाइल परत माझ्याकडे सरकवली. “यंदाचं राज्याचं सर्टिफिकेट द्या.”

“मॅडम, राज्याचंच आहे. नीट बघा.”

“राज्याचं आहे हो. पण मुलगी अकरावीत असतानाचं. आम्हाला बारावीच्या वर्षातलं लागतं. माहितीपत्रकात लिहिलंय.”

मी माहितीपत्रक वाचलं नव्हतं. एकतीस वर्षं रत्नागिरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात क्रीडाशिक्षक म्हणून काढली, त्यामुळे मला सगळं माहीत आहे असा माझा समज होता.

माझ्या मागे प्रणाली धुमक उभी होती, आणि तिच्या मागे तिची आई. आम्ही तिघं एसटीने पुण्याला आलो होतो. हॉस्टेलवर लागेल म्हणून आईने नवी बादली घेतली होती आणि गादीची वळकटी काथ्याने बांधून आणली होती. मुलीला पोचवून संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं, असं ठरलं होतं. प्रश्न विचारायला आम्ही आलोच नव्हतो.

प्रणाली खो-खो खेळायची. पालीच्या पुढे आत एक गाव आहे, तिथली. वडील मुंबईत एका कॅन्टीनमध्ये कामाला, घरी आई आणि थोडी भातशेती. रोज पहिल्या गाडीने यायची आणि प्रॅक्टिस करून शेवटच्या गाडीने जायची. विभागीय स्पर्धेच्या फायनलला ती साडेतीन मिनिटं नाबाद पळाली. ज्यांना खो-खो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चांगल्या संघासमोर दीड मिनिट पळणारी मुलगीसुद्धा चांगली समजतात.

ती मॅच बघायला पुण्याच्या या कॉलेजचे क्रीडासंचालक आले होते. मॅच संपल्यावर त्यांनी माझा खांदा धरला.

“सर, ही मुलगी आमची. क्रीडा कोट्यातून अॅडमिशन, हॉस्टेल, मेस, सगळं माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त राज्याचं सर्टिफिकेट जोडा.”

क्रीडा कोटा म्हणजे खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागा. तिथे टक्क्यांपेक्षा खेळाची सर्टिफिकेटं चालतात. प्रणालीला बारावीला जेमतेम साठ टक्के पडणार हे आम्हाला दिसत होतं, म्हणजे पुण्याच्या कॉलेजात शिरायला तिला हा एकच दरवाजा होता. त्या कॉलेजच्या संघातून मुली विद्यापीठाला खेळतात आणि पुढे खेळाडू म्हणून नोकरीला लागतात. मी तिच्या आईला तसं सांगितलं. राज्याचं सर्टिफिकेट तर अकरावीचं होतंच. कुठल्या वर्षाचं लागेल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

विभाग जिंकून आम्ही राज्याला निघायच्या दहा दिवस आधी तिचा घोटा मुरगळला. आमचं मैदान जांभ्याचं. वरची माती निघून गेली की खालचा दगड कधी दगा देईल सांगता येत नाही. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली.

दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या चिटणीसांनी मला ऑफिसात बोलावलं.

“काय सर, धुमक खेळणार नाही म्हणे?”

“नाही आप्पा. पाय सुजलाय.”

“मग जागा कशाला अडवायची? आमच्या पुतणीचं नाव घाला. तिची बारावी आहे, तेवढेच ग्रेसचे मार्क मिळतील.”

आता ही ग्रेसची भानगड सांगायला हवी. राज्याला खेळलेल्या मुलांना बारावीच्या निकालात काही वाढीव गुण मिळतात. खो-खोचा संघ बारा जणींचा असतो, नऊ मैदानात आणि तीन राखीव. संघाच्या नावांचा जो फॉर्म जातो त्याला प्रवेशिका म्हणतात. शेवटचं एखादं नाव ‘ग्रेसचं’ घालायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. कोणाची भाची, कोणाची पुतणी. ती मुलगी मैदानाकडे फिरकत नाही, पण फोटोत पहिल्या रांगेत असते. मी ही रीत सुरू केली नाही, पण मोडलीही नाही. बाराव्या नावाने हरत नाही कोणी, असं आम्ही क्रीडाशिक्षक एकमेकांना सांगायचो.

वैद्यकीय कारण दाखवून प्रवेशिकेत बदल करता येतो. मी डॉक्टरांचा दाखला जोडला, धुमकचं नाव काढलं आणि पुतणीचं घातलं. तो दाखला मात्र अगदी खरा होता. त्या फाइलमध्ये तेवढाच.

प्रणालीला मी बरोबर नेलं. ती बाकावर बसून मुलींच्या पायांना पट्ट्या बांधत होती, पाण्याच्या बाटल्या देत होती. संघ तिसरा आला. बक्षीस घ्यायला पुतणी पुढे गेली, आणि चिटणीसांनी लांबून माझ्याकडे बघून मान डोलावली. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

बारावीचा निकाल लागला. प्रणालीला एकोणसाठ टक्के. मी पुण्याला फोन लावला.

“झालंच समजा,” संचालक म्हणाले.

पुढच्या आठवड्यात “यादी लागू दे” झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते मीटिंगमध्ये होते. मग फोन उचलेनात.

इकडे रत्नागिरीच्या कॉलेजची पहिली यादी लागली आणि कॉमर्सला प्रणालीचं नाव आलं. तिच्या आईचा फोन आला.

“सर, पोरीचा काय ठरला? इथंच घेऊया काय अॅडमिशन? तीन दिवसांत दाखला द्यायचा म्हणतायत.”

“वहिनी, मूळ दाखला इथे अडकवू नका. एकदा दिला की परत मिळवताना नाकी नऊ येतात. पुण्याचं पक्कं आहे.”

“तुम्ही सांगताय तर नाय देत.”

पक्कं आहे, असं मी कशाच्या जोरावर म्हणालो? एका माणसाने माझा खांदा धरला होता, त्याच्या जोरावर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी पोरांना शेकडो वेळा ऐकवली असेल.

तर त्या दिवशी खिडकीवरून मी थेट क्रीडासंचालकांच्या केबिनमध्ये गेलो. प्रणाली आणि तिची आई बाहेर बाकावर बसल्या.

“अहो सर,” ते म्हणाले, “राज्याला नाव तरी घालायचंत तिचं. बाकावर बसली असती तरी चाललं असतं. आम्हाला कागद लागतो.”

“ती बाकावरच बसली होती.”

“मग सर्टिफिकेट कुठाय?”

मी फाइल बंद केली.

“माझ्या हातात असतं तर मी आत्ता सही केली असती,” ते म्हणाले. “पण कोट्याच्या फायली वर तपासायला जातात. आणि खरं सांगू? दुसरी एक मुलगी मिळालीय आम्हाला. सगळे कागद आहेत तिच्याकडे.”

म्हणजे फोन का उचलत नव्हते ते कळलं. मला त्यांचा राग आला. पण त्यांनी कागद मागितला होता, आणि तो कागद मी दुसरीच्या नावाने करून दिला होता.

बाहेर येऊन मी प्रणालीच्या आईला म्हणालो, “नियम बदललाय त्यांनी.”

“असा कसा बदलला?”

“बदलतात हो.”

आईने वळकटी उचलली आणि बादली प्रणालीने घेतली.

रत्नागिरीत परत येईपर्यंत अनुदानित तुकडी भरली होती. विनाअनुदानित तुकडीची फी त्या घराला झेपणारी नव्हती. मी भरतो म्हणून तिच्या वडिलांना मुंबईला फोन केला. ते म्हणाले, “नको सर. तुम्ही केलात ता पुष्कळ केलात.” त्यांनी ते सरळ मनाने म्हटलं असेल. मला ते अजून टोचतं.

प्रणालीने बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म भरला आणि एसटी स्टँडजवळ एका मोबाइलच्या दुकानात कामाला लागली. बाहेरून शिकणाऱ्याला विद्यापीठाच्या संघात खेळता येत नाही. तिचा खो-खो तिथेच संपला. चिटणीसांच्या पुतणीला शहाऐंशी टक्के पडले. ती ग्रेसशिवायही कुठेही गेली असती. बंगळूरला गेली, तिथे तिला खेळाचं कोणी काही विचारलंही नाही. माझ्या निरोप समारंभात चिटणीसांनी मी खेळाडूंसाठी झिजल्याचं सांगितलं. मी खाली मान घालून नारळ आणि शाल घेतली.

त्यानंतर काही दिवसांनी मी त्या मोबाइलच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, आज सांगून टाकायचं.

“प्रणाली, नियम कोणी बदलला नव्हता. राज्याच्या प्रवेशिकेतून तुझं नाव मी काढलं होतं.”

ती काउंटर पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, “मला माहीत होता सर. राज्याला गेलो तिथं भिंतीवर सगळ्या संघांची यादी लावलेली. मी वाचलेली.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“तुम्ही लिहिलेलात ना. मला वाटला, तुम्हाला नियम माहीत असतील.”

मग एक गिऱ्हाईक आलं आणि ती त्याला मोबाइलची कव्हरं दाखवायला लागली.

हल्ली नवीन क्रीडाशिक्षक कधी कधी सल्ला विचारायला घरी येतात. प्रॅक्टिस कशी घ्यावी, मुली कशा निवडाव्यात. ते आता मला नीट आठवतही नाही. मी एवढंच सांगतो, यादीतून नाव काढायचं असेल तर ज्या पोरीचं आहे तिला आधी विचारा. ती काही बोलणार नाही. ती बोलत नाही म्हणूनच तिचं नाव काढायला सोपं जातं.