तीनवर लावलेला कॉम्प्युटर

पुंजारामभाऊंचा माणसांवर विश्वास बेताचाच, पण काट्यावर पुरा. काटा म्हणजे बॉयलरच्या प्रेशर गेजचा. बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला, आणि एकतीस वर्षांत तो बॉयलर साधा शिंकलासुद्धा नाही. एखादा नवा माणूस घाबरत येऊन म्हणायचा, "आवाज जरा वेगळा वाटतोय." भाऊ मान वर न करता विचारायचे, "काटा काय म्हणतो?" काटा म्हणेल ते खरं. माणसाचं काय, बायकोशी भांडून आला तरी त्याला आवाज वेगळे ऐकू येतात.

वैजापूरकडचा हा माणूस पोटासाठी इकडे आला आणि मासे खाणं सोडलं तर सगळ्या बाबतीत इकडचा झाला. दोन खोल्यांची जागा झाली. मुलगा सुजित शिकून पुण्याला गेला आणि जाताना डिप्लोमाच्या वेळचा कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. धान्याच्या पिंपाएवढा मॉनिटर, सुरू होताना घशात काही अडकल्यासारखा आवाज. भंगारवाल्याचा त्यावर कधीपासून डोळा आहे. पण भाऊ देत नाहीत, कारण त्यात बुद्धिबळ आहे.

खेळाची पातळी सुजितनंच लावून दिली होती. एक ते दहा, त्यातली तीन. एकवर कॉम्प्युटर अगदीच बावळट, पाचवर फाडून खाणारा. तीनवर भाऊ दहातले सात डाव जिंकायचे, आणि पाळी करून आलेल्या माणसाला एवढं यश पुरतं. त्यानंतर अठरा वर्षं त्यांनी त्या आकड्याला हात लावला नाही. नीट बसलेला व्हॉल्व्ह विनाकारण हलवायचा नाही, हा बॉयलरहाऊसचा नियम त्यांनी घरी आणला होता. शिवाय मॉनिटरची खालची पट्टी कधीच काळी पडली होती, त्यामुळे आकडा मुद्दाम शोधल्याशिवाय दिसतही नसे. रोज चार वाजता चहा, मग एक डाव, मग वहीत तारीख आणि पुढे 'जिंकलो' किंवा 'हरलो'. ड्युटीवरच्या नोंदवहीची सवय हातातून जात नाही.

यंदा गणपती गेले आणि भाऊ हरायला लागले.

आधी आठवड्यातून चार वेळा. मग रोज. दिवाळी आली तोवर कॉम्प्युटर त्यांना वीस खेळ्यांत गुंडाळून ठेवायला लागला. घोडा कुठून येऊन हत्ती उचलून नेतो ते कळायचंसुद्धा नाही. भाऊंनी चष्मा बदलून पाहिला, चहा कमी करून पाहिला, सकाळी अनशापोटी बदाम खाल्ले. वहीत मात्र ओळीनं 'हरलो, हरलो, हरलो'. काटा खाली चालला होता, आणि काटा खोटं बोलत नाही.

भाऊंना मग थोरले बंधू आठवले. कचरूभाऊ. वैजापूरला मागच्याच वर्षी वारले. पण त्याआधी चार वर्षं ते स्वतःच्याच दारात उभं राहून सुनेला विचारायचे, "बाई, हे घर कोणाचं?" त्यांचंही असंच, हळूहळू सुरू झालं होतं. आधी हिशोब चुकायला लागले, मग नावं. आता पुंजारामभाऊंना स्वतःच्या सगळ्या चुका दिसायला लागल्या. परवा छत्री दुकानात राहिली. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं नाव जिन्यात आठवलं नाही. पूर्वीही आठवत नसे, पण तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पालघरला मेंदूच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली आणि घरात सांगितलं की सोमवारी केळव्याला एका मित्राकडे जायचंय. स्कूटर चालवणं बंद केलं. आणि सगळ्यात जड काम केलं ते म्हणजे रविवारचा वर्ग बंद केला. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसणाऱ्या कामगारांना ते सोसायटीच्या हॉलमध्ये फुकट शिकवायचे. पाच वर्षांत त्यांच्या हाताखालून साठएक माणसं पास झाली होती. निवृत्तीनंतर 'आपण कुणीतरी आहोत' असं वाटण्याची तेवढी एकच जागा होती. पण डोकं फिरलेल्या माणसानं बॉयलर शिकवायचा नसतो. तिथे एक चुकीचा शब्द म्हणजे कुणाचा तरी जीव.

वर्ग बंद झाल्याचं कळल्यावर गुरुवारी सकाळी धर्माजी आला. शिरगावचा धर्माजी, बॉयलरहाऊसमधला त्यांचा जुना जोडीदार. भट्टीचा भाग तो शिकवायचा. हातातले नारळ दारात ठेवून तो सरळ मुद्द्यावर आला.

"भाऊ, वर्ग का बंद केला? पंदरा जन परीक्षेला बसलेत. एकाला तरी सांगायचं."

"तब्येत बरी नाही."

"काय झालंय तब्येतीला? तुमी तर ठणठणीत दिसताय."

"दिसतोय," भाऊ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

इंदुबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "कसला वर्ग बंद? आणि तब्येत कुणाची बरी नाही?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात इंदुबाईंनी एवढ्या हळू आवाजात फार कमी वेळा विचारलं होतं. भाऊंनी उठून वही आणली आणि त्यांच्यासमोर उघडून धरली.

"कचरूभाऊंसारखं व्हायलंय मला," ते म्हणाले. "तीन महिने झाले. हे बघ. गणपतीपर्यंत मी जिंकत होतो. मग हे असं. रोज खालीच. सोमवारी केळव्याला नाही, डॉक्टरकडे चाललोय."

धर्माजीनं खाली बघितलं.

इंदुबाईंनी वही घेतली. एकेक तारीख बोटानं वाचत गेल्या. पहिल्या पानावर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, दुसऱ्या पानावर तो लाल व्हायला लागला. वही खाली ठेवून त्या उठल्या, कॉम्प्युटरचं बटण दाबलं, त्याच्या पंख्याची घरघर थांबेपर्यंत पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या, आणि मग खुर्चीत बसून त्यांनी माउस हातात घेतला.

भाऊंनी बायकोच्या हातात माउस आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आणि ती तो लाटण्यासारखा सहज फिरवत होती. तिनं खेळ उघडला, वरच्या यादीतून एक चौकोन काढला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

तिथे सात होतं.

"मी लावलंय," इंदुबाई म्हणाल्या. "तुम्ही दहा वाजता बाजारात जाता, बारापर्यंत मी खेळते. दोन वर्षं झाली. तीनवर काही मजा येईना, म्हणून गणपतीत चार लावलं. मग पाच. दिवाळीच्या आत सात. मला वाटलं, बंद केलं की ते आपोआप पहिल्या जागी येत असेल. वॉशिंग मशीनचं येतं की."

मग धर्माजीनं बशीतला चहा संपवला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमी आमाला काय शिकवलं? पाळीवर आलात की पयली बॉयलरात पानी किती ते दाखवनारी काच तपासा. काच अडकली असंल तर ती खोटंच पानी दाखवनार. मंग बॉयलरला नावं ठेवा. तुमची काच तीन महिने अडकलेली हाय, आनी तुमी निघालात डाक्टरकडं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. साठ माणसांना काच तपासायला शिकवणाऱ्या माणसानं घरातली काच एकदाही तपासली नव्हती.

पण भाऊ अजून हसले नव्हते. त्यांनी बायकोला उठवलं, स्वतः बसले, सातचं तीन केलं आणि डाव मांडला. धर्माजीची बस चुकली तरी तो जागचा हलला नाही. इंदुबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तोंड मिटून ठेवायला त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. एकतिसाव्या खेळीला कॉम्प्युटरचा राजा कोपऱ्यात सापडला. मात झाली.

भाऊंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, लपवायचा काहीच प्रयत्न न करता. तीन महिने छातीवर ठेवलेलं पोतं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. कचरूभाऊंचं ते दार, ती सून, 'हे घर कोणाचं' हा प्रश्न, सगळं लांब गेलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो, हे त्यांना सहासष्टाव्या वर्षी कळलं.

"रविवारी दहाला या म्हणावं सगळ्यांना," ते धर्माजीला म्हणाले. "काचेचा धडा पुन्हा घेऊ."

"तो आता तुमी नको, वहिनी घेतील," धर्माजी म्हणाला आणि चपला घालून निघाला.

तो गेल्यावर भाऊंनी डॉक्टरकडे फोन करून सोमवारची वेळ रद्द केली. मग कपाटावरचा लाकडी पट काढला, पुसला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. इंदुबाई नको नको म्हणत बसल्या आणि बसल्यावर मात्र पांढऱ्या सोंगट्या स्वतःकडे ओढून घेतल्या. चोविसाव्या खेळीला भाऊ हरले. एवढ्या आनंदानं हरलेला माणूस बोईसरमध्ये दुसरा सापडायचा नाही.

"शिकलीस कुठं?"

"तुमच्या मागं बसून तांदूळ निवडायचे ना. दर वेळी तुम्ही एकच चूक करता. वजीर लवकर बाहेर काढता, घाई करता. अठरा वर्षं बघतेय."

"मग सांगायचं नाहीस?"

"तुम्ही जिंकत होता. कशाला सांगू? आणि सांगितलं असतं तर तुम्ही मलाच शिकवायला बसला असता."

भाऊ हसले. मग सोंगट्या परत मांडता मांडता त्यांचा हात मध्येच थांबला. भीती एकदा घरात राहून गेली की जाताना दार पूर्ण लावत नाही.

"इंदू, उद्या खरंच गेलं डोकं, तर? मला तर कळणारही नाही."

इंदुबाईंनी त्यांच्या हातातला वजीर घेतला आणि त्याच्या घरात नीट ठेवला.

"तुम्हाला कशाला कळायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "मी बघतेय ना."