चीफच्या गावाचा राउंड

चीफ आपलं गाव सांगायचे ते इंजिनरूमचा राउंड घेतल्यासारखं. धक्क्यापासून सुरुवात, एकही घर गाळायचं नाही, शेवटी टेकडीवरचं चर्च. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं ते चौदा घरांचं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. पण सिंगापुरात, सेंगकांगच्या माझ्या इमारतीत, माझ्याच मजल्यावर समोर कोण राहतं यापेक्षा मला तेच जास्त माहीत होतं.

ते चीफ इंजिनिअर असलेल्या बोटीवर मी त्यांच्या हाताखाली ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो. त्यांची शिस्त एकच, बंद मशीनलाही हात लावून पुढे जायचं. "चालू मशीन ओरडून सांगतं. बंद पडलेल्याची चौकशी आपण करायची." निवृत्तीनंतर ते सिंगापुरातच राहिले आणि दर रविवारी हार्बरफ्रंटजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कोपी म्हणजे तिथली कॉफी पीत मला गाव फिरवायचे.

त्यांचे पूर्वज मूळचे वरच्या दरीतले. जमीनमालकाला माणसांपेक्षा मेंढ्या परवडत होत्या, म्हणून त्याने सगळ्यांना समुद्रकाठी हाकललं. त्यांनी दगड रचून पुन्हा घरं उभी केली. पुढे पोरं शहरात गेली आणि घरं बंद होत गेली. दहाव्याला तर छप्परही उरलं नव्हतं. तरी चीफ तिथे थांबून कोण कोण राहायचं ते सांगायचेच. त्यांची स्वतःची बायको गेलेली, मूलबाळ नाही, गुडघे कामातून गेलेले. "माझ्यामागे हा राउंड कोण घेणार?" एवढीच त्यांची काळजी.

एकदा म्हणाले, "आता तुझं गाव सांग." कोकणातलं माझं गाव चौथ्या घराशीच अडलं.

"फक्त चार? आणि तुझ्या हाती मी इंजिन सोपवत होतो!"

मी जाम चिडलो. घरी येऊन बाबांना फोन लावला. बाबा तासभर एकेक घर सांगत राहिले. इतकं खूश मी त्यांना क्वचितच ऐकलं असेल.

मागच्या वर्षी हॉस्पिटलच्या खाटेवर चीफनी राउंड सुरू केला आणि पाचव्या घराशी थबकले. नाव आठवेना. पुढची घरं मी घेतली. घाईत नवव्यावरून अकराव्यावर गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"दहाव्याला हात लावलास?"

मी मागे आलो, तिथल्या माणसांची नावं घेतली. "लावला, चीफ."

"मग आता वॉच तुझा," बोटीवर पुढच्याला पाळी सोपवताना म्हणायचे तसं म्हणाले आणि डोळे मिटून चर्चपर्यंत ऐकत राहिले. तीन दिवसांनी ते गेले.

या मे महिन्यात कोकणात माझ्या गावी गेलो. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं. प्रत्येक कुलपाला हात लावत, नाव घेत देवळापर्यंत चढलो. मग पायरीवर बसून, धक्क्यापासून, चीफची चौदा घरंही घेतली.