आधी पारूबाईंना वाचून दाखवा

अंबादास मास्तरांशी माझी ओळख भांडणातून झाली. आमची प्रहसनांची मंडळी तेव्हा जिल्हाभर गाजत होती. एक शाळामास्तर तीन पानी प्रहसन घेऊन आले, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "ठेवून जा, बघतो." ते म्हणाले, "ठेवत नाही. आधी पोस्टमनला ऐकवायचं आहे." प्रहसन पोस्टमनवर होतं. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना ते आधी वाचून दाखवायचं आणि ते हसले नाहीत तर तिथेच कागद फाडायचे, हा मास्तरांचा नियम. आमच्यासाठी त्यांनी लिहिलेलं प्रत्येक प्रहसन या चाळणीतून गेलं. फाडलेल्यांतली काही मला फार आवडली होती. अजून चुटपुट लागते.

दुष्काळाच्या वर्षी त्यांनी खडी फोडण्याच्या कामावर लिहिलं. मी साफ नकार दिला. "लोक उपाशी असताना थट्टा? मंडळीचं नाव धुळीला मिळेल." मास्तर म्हणाले, "हसायचं की नाही, ते ठरवणारे आपण कोण?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगोल्याकडच्या एका कामावर नेलं. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली वाचन झालं. मी मुकादम झालो आणि जीव तोडून ओरडलो. खडी फोडणाऱ्या बायका ढिम्म बसून राहिल्या. मास्तरांनी शांतपणे कागद फाडायला घेतले. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात पारूबाई नावाच्या एक मेंढपाळाघरच्या बाई उठल्या. "थांबा की मास्तर. तुमचा मुकादम लई वरडतोय. आमचा वरडत न्हाय. आक्का आक्का करतो आन् माप कमी धरतो!" असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि मुकादमाचं ते गोड बोलत टेप ओढणं करून दाखवलं. बायका पोट धरून हसल्या. मास्तर खडीवरच बसून नव्याने लिहू लागले आणि मी माझी भूमिका पारूबाईंकडून शिकलो. त्याच प्रहसनाने मंडळीला खरं नाव मिळालं. प्रत्येक प्रयोगाआधी पारूबाईंचं नाव घ्यायचं, नाहीतर पडदा उघडायचा नाही, हेही मास्तरांनीच ठरवलं. पुढे पारूबाई सोलापुरात आल्या, तेव्हा त्यांना मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याचं काम मिळावं म्हणून मास्तरांनी चार कारखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या.

आज मास्तर साठ वर्षांचे झाले. शाळेने त्यांना दोन वर्षांपूर्वीच निवृत्त केलं. आम्ही करणार नाही.

नियमाप्रमाणे हा लेख मास्तरांनाच ऐकवायला हवा होता, पण स्वतःचं कौतुक त्यांनी दुसऱ्या ओळीलाच फाडलं असतं. म्हणून तो पारूबाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "खरं हाय समदं. पर मास्तर किती हट्टी हायत, ते कमी लिवलंय."

म्हणजे हाही लेख फाडायला हवा. मास्तर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुमचा नियम मोडतो आहे. तुम्हाला उदंड, धडधाकट आयुष्य लाभो. आणि मला रागवायला सोमवारी तालमीला या.