फिरतीच्या चपला

मंगळवारी डॉक्टरांनी वहिनींचा पाय घोट्याच्या वर कापला. त्यानंतर अकरा दिवसांनी वहिनी गेल्या.

त्या माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारला, पुतणी लग्न होऊन गेली, मी लग्न केलंच नव्हतं. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं उरलो. मी लिंबायतच्या मराठी शाळेत शिक्षक, आणि वहिनी साड्यांच्या एजंट. सुरतेच्या मार्केटातून नमुने घ्यायचे, गाडीनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर गाठायचं आणि दुकानोदुकानी दाखवून ऑर्डरी आणायच्या. महिन्यातले वीस दिवस त्या फिरतीवर असत. खांद्याला नमुन्यांची बॅग, पायांत पातळ रबरी चपला.

साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, उघडी चप्पल नको, लेसचे बूट घाला. मी घेऊन आलो. वहिनींनी दोन दिवस घातले आणि परत खोक्यात ठेवले.

"भाऊजी, तुम्हाला दिवसातून एकदा जोडे काढायचे, घरी आल्यावर. मला तीस वेळा."

साडीच्या दुकानात गादीवर बसायचं तर पायरीशी जोडे काढावेच लागतात.

"मी वाकून लेस सोडत बसते, तोवर दुसरा एजंट गादीवर चढून साडी उलगडतो. कोण थांबतं माझ्या लेससाठी?"

मग मी पायांच्या काळजीवरचे लेख वाचून दाखवायचो. त्या भाजी निवडत सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "हे लिहिणारा कधी बॅग घेऊन अमळनेरला गेला का?" मी चिडून पुस्तकात डोकं घालत असे.

चपला काढताना त्या टोकं रस्त्याकडे करून ठेवत. निघताना वळण्यात वेळ जायला नको. घरातही तसंच. मला त्याचाही राग येई. माणूस आत्ता आलंय, आणि चपला निघाल्यासुद्धा!

परतल्यावर त्या पाय मिठाच्या गरम पाण्यात घालून बसत, तोंडानं "आई गं" चालू असे. गेल्या वर्षी ते थांबलं.

"बघा भाऊजी, तुमचे बूट न घालताच पाय बरे झाले. आता दुखतच नाहीत."

मी "बरं झालं" म्हणालो. एवढे लेख वाचलेला मी. पाय दुखायचे थांबले ते त्यांतली जाण गेली म्हणून, हे मला सुचलं नाही. वाद हरल्याचं तेवढं लागलं, आणि बुटांचा विषय मी सोडून दिला.

नमुन्याच्या कापडावर किमतीची चिठ्ठी टाचणीनं लावलेली असते. तसली एक टाचणी चपलेच्या तळातून वहिनींच्या पायात शिरली. कुठल्या गावी, ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. फिरती संपेपर्यंत त्या तशाच फिरल्या. घरी आल्यावर फरशीवर मला डाग दिसला. विचारलं, तर म्हणाल्या, "लागला असेल कुठला रंग." त्यांना खरंच तसं वाटत होतं. पाय दाखवा, असं मी म्हणायला हवं होतं. पण दिरानं वहिनीला तळवा दाखवा म्हणायचं कसं? मी फडकं ओलं केलं आणि डाग पुसला. आठ दिवसांनी ताप आला, तेव्हा दवाखान्यात गेलो; टाचणी तिथं निघाली.

चेष्टा करायची असली की वहिनी अहिराणीत बोलत. पाय कापल्यावर शुद्धीत आल्या, चादरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आते एकच चप्पल काढनी पडी, भाऊजी." आता एकच काढावी लागेल! मी हसलो नाही, तर माझ्यावरच रागावल्या. "मास्तर, माणसानं वेळेवर हसावं."

दर पाडव्याला मी त्या पायांना हात लावून नमस्कार करत आलो. तळवे कधी पाहिले नाहीत.

आता घरात मी एकटा आहे. वहिनींचा फोन माझ्याकडे आहे. लग्नसराई जवळ आली की दुकानदार विचारतात, "ताई कधी येणार?" ताई गेल्या, असं मी त्यांना सांगतो.